गोचिडाची लस: ती काय करते आणि अजून आपल्या गोठ्यात का नाही

शिरूर तालुक्यातल्या एका दूध उत्पादकाचा प्रश्न असा आहे: "माझ्याकडे १४ संकरित गायी आणि ५ कालवडी आहेत. लाळ्या-खुरकुताची लस आहे, लम्पीची आली, मग गोचिडाची का नाही? क्यूबा देशात अशी लस आहे म्हणतात, ते खरं का? आमच्याकडे 'गोचिडाची लस' म्हणून एक इंजेक्शन मिळतं, ते काय असतं? आणि खरी लस येईपर्यंत मी काय करू?"

आधी त्या इंजेक्शनाबद्दल सांगतो, कारण तिथेच सगळा गोंधळ आहे. दुकानात 'गोचिडाचं इंजेक्शन' म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा आयव्हरमेक्टिन असतं. ते औषध आहे, लस नाही. रक्तात उतरतं, रक्त पिणाऱ्या गोचिडाला मारतं आणि काही आठवड्यांत शरीराबाहेर जातं. दुभत्या गायीच्या दुधातही त्याचा अंश उतरतो, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते टोचू नका.

दुसरी एक खरी लस आहे, जिला काही गावांत गोचिडाची लस म्हणतात. तिचं नाव रक्षावॅक-टी. ती गोचिडावरची नाही, तर गोचीड ज्या थायलेरियाच्या (गायीला जीवघेणा ताप आणणाऱ्या) जंतूची लागण करतो त्या जंतूवरची आहे. त्याच जंतूला प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये वाढवून दुबळं केलेलं असतं. ती द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत ठेवावी लागते आणि दोन महिन्यांवरच्या वासरांना देतात. तुमच्या कालवडींसाठी हीच लस कामाची आहे, तिच्याकडे शेवटी परत येतो.

तुम्ही ज्या लशीबद्दल विचारताय, म्हणजे गोचिडालाच आवर घालणारी, ती आज भारतात विकत मिळत नाही. जगात मात्र ती ३० वर्षांपूर्वी तयार झाली. क्यूबाचं तुम्ही ऐकलं ते खरं आहे.

लस म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे जंतू येतो. शरीर जंतू ओळखतं, पुढच्या वेळी तो आला की मारून टाकतं. गोचीड जंतू नाही. तो कातडीच्या बाहेर बसलेला आठ पायांचा जीव आहे आणि त्याच्या लाळेत गायीची प्रतिकारशक्ती दाबून टाकणारी द्रव्यं असतात. तरीही जनावराला गोचिडाविरुद्ध प्रतिकार येऊ शकतो. हे १९३९ साली विल्यम ट्रेगर यांनी गिनीपिगवर दाखवलं होतं: एकदा गोचीड चावून गेल्यावर दुसऱ्या खेपेला त्याच प्राण्यावर गोचिडांचं नीट पोट भरेना. आपल्या खिलार किंवा डांगी गायीवर संकरित गायीच्या मानाने गोचीड कमी दिसतात, त्यामागेही असा प्रतिकार आहे. होल्स्टीन रक्त जितकं वाढवत नेलं, तितका तो कमी होत गेला.

खरी युक्ती सापडली ती उलट दिशेने विचार केल्यावर. गोचीड गायीचं रक्त पितो, म्हणजे गायीच्या रक्तातली प्रतिपिंडंही, म्हणजे शरीराने बचावासाठी तयार केलेली प्रथिनंही, गिळतो. ती प्रतिपिंडं गोचिडाच्या आतड्याविरुद्धच असली तर? १९७९ मध्ये ॲलन आणि हम्फ्रीज यांनी गोचिडाच्या आतल्या अवयवांचा अर्क टोचून हे शक्य असल्याचं दाखवलं. पुढे ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत पीटर विलाडसेन यांच्या गटाने हजारो गोचिडांपासून अर्क काढला, त्याचे भाग वेगळे केले, पुन्हा वेगळे केले, आणि शेवटी आतड्याच्या पेशींवरचं एक प्रथिन हाती लागलं. ते बीएम८६. त्यावरचं संशोधन १९८९ मध्ये प्रसिद्ध झालं. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात दोन लसी बाजारात आल्या: ऑस्ट्रेलियात टिकगार्ड, आणि क्यूबात हवानाच्या जैवतंत्रज्ञान केंद्राने यीस्टमध्ये बनवलेली गॅव्हॅक.

टोचलेल्या गायीचं रक्त गोचिडाच्या पोटात गेलं की प्रतिपिंडं त्याच्या आतड्याच्या पेशींना चिकटतात आणि त्या पेशी फुटतात. आतडं गळू लागतं. काही माद्या लालसर पडून मरतात. बऱ्याच मरत नाहीत, पण त्यांचं पोट नीट भरत नाही आणि अंडी कमी होतात. इथेच या लशीचं सगळं मर्म आहे, आणि तुम्ही अमुक लस चालते की नाही हे गायीच्या अंगाकडे बघून ठरवणार असाल तर तुमची फसगत होईल.

हिशोबाने सांगतो. हे आकडे समजावण्यासाठी मी धरलेले आहेत. न टोचलेल्या गायीवरून १०० माद्या पोट भरून खाली पडल्या, टोचलेल्या गायीवरून ६०. न टोचलेलीवरच्या मादीने सरासरी १०० मिलिग्रॅम अंडी घातली, टोचलेलीवरच्या मादीने ७०. एक ग्रॅम अंड्यांत साधारण २० हजार अंडी बसतात, म्हणजे पहिली २,००० अंडी घालते आणि दुसरी १,४००. आता पहिलीच्या १०० अंड्यांतली ८० फुटतात आणि दुसरीच्या ६०. गुणाकार करा: एकीकडे १ लाख ६० हजार पिल्लं, दुसरीकडे ५० हजार ४००. गायीच्या अंगावर १०० च्या जागी ६० गोचीड दिसले, तेव्हा गोठ्यातला माणूस म्हणाला, "काही फरक नाही, डॉक्टर." जमिनीवर मात्र पुढच्या पिढीचे दोन तृतीयांशांहून जास्त गोचीड जन्मालाच आले नव्हते. बाहेरून नवे गोचीड आले नाहीत आणि लशीचा जोर टिकला, तर दुसऱ्या पिढीला हे प्रमाण न टोचलेल्या कळपाच्या दहाव्या भागावर येतं आणि तिसऱ्या पिढीला शंभरात तीनवर.

लशीची परिणामकारकता शास्त्रज्ञ याच पद्धतीने मोजतात: माद्यांची संख्या, अंड्यांचं वजन आणि अंडी फुटण्याचं प्रमाण या तिन्हींचा गुणाकार. प्रयोगात वासराच्या पाठीवर कापडी पिशवी चिकटवून मोजून गोचिडांची पिल्लं सोडतात. आपल्याकडचा निळसर-करडा गोचीड, ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस, पिल्लापासून मादीपर्यंत सगळं आयुष्य एकाच जनावरावर काढतो. त्याला साधारण तीन आठवडे लागतात. मग रोज सकाळी पिशवीत पडलेल्या माद्या वेचायच्या, एकेकीचं वजन करायचं, कापसाचं बूच लावलेल्या काचेच्या नळीत ठेवून उबदार, दमट कपाटात अंडी घालू द्यायची आणि आणखी काही आठवडे पिल्लं निघायची वाट पाहायची. शिवाय ज्या गोचिडांवर प्रयोग करायचा त्यांची पैदास वर्षानुवर्षं रोगमुक्त ठेवावी लागते, नाहीतर वासरू गोचिडाने नव्हे तर बबेसियाने, म्हणजे गोचिडातून रक्तात शिरणाऱ्या दुसऱ्या एका जंतूने, आजारी पडतं आणि सगळे आकडे वाया जातात. विषाणूच्या लशीत प्रतिपिंडांची पातळी मोजून बराच अंदाज येतो. इथे प्रतिपिंडं भरपूर असूनही गोचिडाला काहीच झालं नाही, असंही घडतं. काम सावकाश चालतं ते या कारणाने.

क्यूबाचा अनुभव मला मोलाचा वाटतो. तिथे १९९५ ते २००३ या काळात ५ लाख ८८ हजारांहून जास्त दुभत्या जनावरांवर ही लस वापरली आणि गोचिडनाशकाच्या फेऱ्या ६० टक्क्यांनी कमी झाल्या. बबेसियाचा प्रसारही आटोक्यात आला. त्यांनी फवारणी बंद केली नाही. लशीमुळे फवारणीची गरज लांबली, आणि फवारणी कमी झाल्याने औषधाला सरावलेले गोचीड तयार होण्याचा वेगही मंदावला. मायक्रोप्लसवर बीएम८६ लशीचा परिणाम वेगवेगळ्या देशांत ५० ते ९० टक्क्यांच्या आसपास आला आहे. अर्जेंटिनातल्या एका जातकुळीवर तर ती जवळजवळ चालेना, कारण तिथल्या गोचिडाचं हे प्रथिन थोडं निराळं होतं. मग त्याच गोचिडातून बीएम९५ नावाचं जवळचं प्रथिन घेऊन नवी लस करावी लागली. म्हणून परदेशातली बाटली आणून इथे टोचा असं म्हणता येत नाही. आपल्या गोचिडाचं प्रथिन आपल्याच गोचिडातून तपासायला हवं.

ऑस्ट्रेलियात मात्र टिकगार्ड पुढे बंद पडली. बीएम८६ हे गोचिडाच्या पोटात लपलेलं प्रथिन आहे, चावताना ते गायीच्या संपर्कात येत नाही. त्यामुळे गोचीड कितीही चावले तरी गायीच्या शरीराला लशीची आठवण होत नाही, प्रतिपिंडं उतरत जातात आणि पुन्हा टोचावं लागतं. तिथल्या मोठमोठ्या कुरणांवर मोकळी सोडलेली जनावरं दर अडीच-तीन महिन्यांनी गोळा करून टोचणं पशुपालकांना झेपलं नाही. गॅव्हॅकला पहिले तीन डोस सात आठवड्यांत आणि मग दर सहा महिन्यांनी एक लागतो. शिरूर, दौंड, बारामतीची गाय तर दावणीला असते, दिवसातून दोनदा हाताखाली येते. लाळ्या-खुरकुतासाठी सहा महिन्यांनी लसीकरणाची फेरी असतेच. तेव्हा ऑस्ट्रेलियात ही लस ज्या कारणाने मागे पडली ते कारण आपल्याकडे लागूच होत नाही, हे माझं पक्कं मत आहे. दोन्ही लसी एका दिवशी टोचल्या तर एकीचा दुसरीवर परिणाम होतो का, एवढं आधी तपासावं लागेल.

आपली खरी अडचण वेगळी आहे, आणि ती मला एका गायीने शिकवली. पशुवैद्य म्हणून नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत दौंडकडच्या एका गोठ्यात मी दोन महिन्यांत चार वेळा डेल्टामेथ्रिन या गोचिडनाशकाची फवारणी सांगितली. गायी दोन-तीन दिवस स्वच्छ दिसायच्या, मग पुन्हा कानात, कासेवर, शेपटीखाली गोचीड. मे महिना होता. त्यातली एक पहिलारू गाय तापाने फणफणली, खांद्यापुढची गाठ सुजली, डोळ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्या पडल्या. थायलेरिया. त्यावरचं बुपार्व्हाक्वोन हे औषध दिलं, पण उशीर झाला होता. ती गेल्यावर त्या घरातल्या आजींनी मला गोठ्याच्या मागच्या दगडी भिंतीपाशी नेलं आणि काडीने एक भेग उकरली. आत गोचीड गच्च बसले होते, पायांवर पांढरे पट्टे असलेले. ते हायलोमा या दुसऱ्या जातीचे गोचीड होते. मी चारही वेळा गायीच्या अंगावर औषध मारत राहिलो आणि शत्रू भिंतीत होता.

हायलोमा गायीवरून उतरतो, भेगेत जाऊन कात टाकतो आणि पुन्हा दुसऱ्या जनावरावर चढतो. लहानपणी आजारी जनावराच्या रक्तातून थायलेरिया घेतो आणि मोठा झाल्यावर निरोगी जनावराला देतो. बबेसियाचं उलट आहे: तो मायक्रोप्लसच्या मादीच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत जातो. त्यामुळे अंडी कमी करणाऱ्या लशीने बबेसियाला चांगला आळा बसतो. थायलेरियासाठी मात्र लागण झालेला एक हायलोमाही गायीला पाडू शकतो. गोचीड ७० टक्के घटले म्हणून ती गाय सुरक्षित झाली असं नसतं.

म्हणून भारतात उपयोगी पडेल अशी लस दोन्ही गोचिडांवर चालायला हवी. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत या दिशेने बरीच वर्षं काम चालू आहे. हायलोमातल्या बीएम८६ च्या भावंडावर, म्हणजे एचएए८६ वर, आणि सुबोलेसिन नावाच्या प्रथिनावर तिथे प्रयोग झाले आहेत. सुबोलेसिन २००३ मध्ये सापडलं. अनेक जातींच्या गोचिडांत ते जवळजवळ सारखं असतं, म्हणून ते आकर्षक आहे. ब्राझीलमध्ये ॲक्वापोरिन या पाणी वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या लशीने गुरांवर ६८ आणि ७५ टक्के परिणाम दाखवला. अमेरिकेत २०२१ मध्ये गोचिडाच्या लाळेतल्या १९ प्रथिनांची एमआरएनए लस गिनीपिगवर वापरली, तेव्हा चावल्या जागी कातडी लाल झाली आणि गोचीड लवकर गळून पडले. तो माणसाला लाइम रोग देणारा वेगळा गोचीड आहे, पण लाळेतल्या प्रथिनांचा एक फायदा आपल्यालाही हवाच आहे: प्रत्येक चाव्यासरशी गायीला लशीची आठवण होईल. दोन-तीन प्रथिनं एकत्र केली की काम झालं असं मात्र नाही. कधी एका प्रथिनामुळे दुसऱ्याची प्रतिपिंडं कमी तयार होतात.

पुण्यात लस बनवण्याची ताकद आहे. औंधच्या सरकारी संस्थेत घटसर्प, फऱ्या, आंत्रविषार यांच्या लसी वर्षानुवर्षं तयार होतात आणि लम्पीच्या देशी लशीचं तंत्रज्ञानही २०२२ च्या अखेरीस तिथे आलं. यीस्टमध्ये प्रथिन वाढवणं ही शहरातल्या जैवतंत्रज्ञान उद्योगाला नवी गोष्ट नाही. उणीव आहे ती मागणीची. लाळ्या-खुरकुताची लस २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून सरकार विकत घेतं, म्हणून ती बनते. गोचिडाची लस कोण घेणार? टोचल्यावर दुसऱ्या दिवशी गोचीड पडत नाहीत, म्हणजे एकटा शेतकरी ती घेणार नाही. शेजारच्या गोठ्यातून आणि सामाईक गायरानातून नवे गोचीड येतच राहिले तर एकट्याला तिचा फायदाही अर्धाच. माझ्या मते ही लस गायीला नव्हे, गावाला द्यायची लस आहे. दूध संस्थेने एका वस्तीवरची सगळी जनावरं एका आठवड्यात टोचून घेतली आणि वर्षभर औषधाचा खर्च लिहून ठेवला, तर तिची किंमत दिसेल. मला अशी चाचणी पुणे जिल्ह्यात झालेली बघायची आहे. एखाद्या बंदिस्त गोठ्यालाही, जिथे बाहेरचं जनावर येत नाही आणि चारा कापून आणला जातो, ती एकट्याने परवडेल.

आता तुमच्या १४ गायींचं. आधी पायांवर पट्टे आहेत का बघा, म्हणजे भिंतीकडे बघायचं की दावणीखालच्या ओल्या जमिनीकडे, ते कळेल. भेगा सिमेंटने बुजवा, नाही जमलं तर फ्लेमगनने, म्हणजे आगीचा झोत सोडणाऱ्या नळीने, भाजा, मात्र छपराला कडब्याची गंज टेकलेली असेल तर आधी ती हलवा. मुक्त संचार गोठ्यात देशी कोंबड्या सोडल्या तर त्या गोचीड वेचतात, हे मी बघितलेलं आहे. औषध बदलताना बाटलीवरचं नाव बदलू नका, आतला घटक बदला. सायपरमेथ्रिन आणि डेल्टामेथ्रिन एकाच कुळातली, एकाला सरावलेला गोचीड दुसऱ्यालाही दाद देत नाही. अमिट्राझचं कूळ वेगळं आहे, पण तेही सारखं वापरलं की निकामी होतं. औषध मोजून घ्या. पातळ केलेलं औषध दुबळे गोचीड मारतं आणि दांडगे पैदाशीला ठेवतं. फवारा कानाच्या आत, कासेच्या मागे, शेपटीखाली पोचायला हवा, पाठीवर मारून काही होत नाही. मायक्रोप्लस असेल तर तीन आठवड्यांच्या आत दुसरी फेरी करा. चाकणच्या बाजारातून नवी गाय आणली तर तिला दोन-तीन आठवडे वेगळी बांधा आणि कळपात मिसळण्याआधी गोचीड साफ करा. हाताने ओढून काढलेले गोचीड गोठ्यातच टाकू नका, रॉकेलच्या डबीत टाका. पोट भरलेली मादी खाली पडली तरी अंडी घालतेच.

पाच कालवडींना थायलेरियाची लस टोचलेली नसेल तर उन्हाळ्याच्या आधी टोचून घ्या. ती तालुक्याला नेहमी नसते, नायट्रोजनच्या टाकीतून आणावी लागते आणि बाहेर काढली की लगेच वापरावी लागते. म्हणून शेजारच्या चार-पाच गोठ्यांनी मिळून डॉक्टरांना एक दिवस ठरवून द्या. कालवड गाभण असेल तर आधी सांगा.

आणि औषध लागू पडत नसेल तर अंदाजाने तिसरं औषध आणू नका. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात परजीवीशास्त्र विभागाला फोन करून विचारा की गोचीड तपासणीला कधी आणू. पोट भरलेल्या, टपोऱ्या, जिवंत माद्या घ्या, १५-२० तरी. गेल्या दोन-तीन आठवड्यांत औषध न मारलेल्या गायीवरच्या हव्यात. स्पिरिटमध्ये घालू नका. प्लास्टिकच्या डबीत ओलसर कापसाचा बोळा ठेवा, झाकणाला सुईने बारीक भोकं पाडा, डबीवर गावाचं नाव, तारीख आणि वर्षभरात मारलेल्या औषधांची नावं लिहा, आणि त्याच दिवशी पोचवा.